जकातीत अडकलेला पक्षी : एका शिल्पावरच्या खटल्याची गोष्ट

१) ऑक्टोबर १९२६. ‘पॅरिस’ नावाची आगबोट न्यूयॉर्क बंदराला लागली. तिच्यातून उतरलेल्या पेट्यांत एकाच शिल्पकाराची वीस शिल्पे होती आणि त्यांच्या राखणीला मार्सेल द्यूशां हे फ्रेंच कलावंत सोबत आले होते. जकात अधिकाऱ्यांनी पेट्या उघडल्या. एका पेटीतून निघाली सुमारे साडेचार फूट उंचीची, सोन्यासारखी लखलखणारी, मध्ये किंचित फुगीर आणि टोकांकडे निमुळती होत गेलेली ब्राँझची एक वस्तू. कागदपत्रांत तिचे नाव होते ‘पक्षी’.

२) अधिकाऱ्यांनी पक्षी शोधला. पंख नव्हते, चोच नव्हती, पिसे नव्हती, पायही नव्हते. मग ही वस्तू नोंदवायची कशात? त्यांनी तिला ‘स्वयंपाकाची भांडी व रुग्णालयाचे साहित्य’ या वर्गात टाकले आणि धातूच्या तयार मालावर लागणारी ४० टक्के जकात आकारली. हा प्रसंग आज विनोद म्हणून सांगितला जातो. त्या वेळी मात्र त्यातून एक गंभीर प्रश्न उभा राहिला : धातूचा माल कुठे संपतो आणि शिल्प कुठे सुरू होते?

३) या प्रश्नाला कायद्याची धार होती. अमेरिकेच्या १९२२ च्या जकात कायद्यानुसार मूळ शिल्पकृतीवर जकात नव्हती. परंतु ‘शिल्प’ कशाला म्हणावे, याचा अर्थ १९१६ च्या एका निकालाने आधीच ठरवून टाकला होता. दगड वा अन्य घन पदार्थ कोरून किंवा मातीत घडवून केलेली नैसर्गिक वस्तूंची, मुख्यतः मानवी देहाची, यथाप्रमाण प्रतिकृती म्हणजे शिल्प. या व्याख्येत बिनपंखांच्या पक्ष्याला जागा नव्हती.

४) ही वस्तू घडवणारे शिल्पकार होते कॉन्स्टंटिन ब्रांकुश. जन्म १९ फेब्रुवारी १८७६, रुमानियातील होबित्सा या कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याच्या खेड्यात. घर गरीब शेतकऱ्याचे. लहानपण मेंढ्या राखण्यात गेले. त्या मुलुखात घरे लाकडाची, दारे-खांब कोरीव लाकडाचे आणि घरातली साधी अवजारेही लाकडाचीच. पदार्थ हाताळण्याचा पहिला धडा त्यांना कोणत्याही कलाशाळेने दिला नव्हता. तो गावातच मिळाला होता.

५) पुढे क्रायोवा येथील कला व हस्तव्यवसाय शाळेत त्यांनी लाकूडकामाचे शिक्षण घेतले आणि बुखारेस्टच्या ललितकला विद्यालयात शिल्पकलेचे. तिथे त्यांनी एका शरीरशास्त्रज्ञ डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली त्वचा काढलेल्या मानवी देहाचा, स्नायू न् स्नायू दाखवणारा पुतळा घडवला. हा तपशील महत्त्वाचा आहे. पुढे ज्यांच्यावर ‘यांना हुबेहूब घडवता येत नाही’ असा संशय घेतला गेला, त्या माणसाने तारुण्यातच हुबेहूबपणाची परीक्षा उत्तम रीतीने दिलेली होती.

६) १९०४ साली ते पॅरिसला पोहोचले. या प्रवासाचा मोठा भाग त्यांनी पायी केला. १९०७ मध्ये ऑग्यूस्त रोदँ यांच्या कार्यशाळेत त्यांना काम मिळाले. रोदँ म्हणजे त्या काळचे शिल्पकलेतील सर्वांत मोठे नाव. कोणत्याही तरुणाने तिथे वर्षानुवर्षे राहणे भाग्याचे मानले असते. ब्रांकुश अवघ्या काही आठवड्यांत बाहेर पडले. मोठ्या झाडाखाली काही वाढत नाही, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

७) पण सोडून जाण्यामागे केवळ स्वतंत्र बाणा नव्हता, कामाच्या पद्धतीचा प्रश्नही होता. रोदँ मातीत घडवत. त्या मातीवरून प्लास्टरचा नमुना होई आणि मापे घेण्याच्या यंत्राच्या मदतीने कसबी कारागीर तो नमुना संगमरवरात उतरवत. म्हणजे शिल्पकाराची बोटे लागत ती मातीला. संगमरवराशी झटत दुसरे कुणीतरी. त्या काळी ही पद्धत सर्वमान्य होती आणि तिच्यात काही गैर आहे असे फारसे कुणाला वाटत नव्हते.

८) ब्रांकुश यांनी उलट वाट धरली. मधला नमुना नको, मापांचे यंत्र नको. थेट दगडासमोर उभे राहायचे आणि हातात टाकी घ्यायची. शाडूची मूर्ती घडवताना चूक झाली तर माती पुन्हा लावता येते. दगडातून उडालेली कपची परत चिकटत नाही. त्यामुळे थेट कोरणाऱ्याला प्रत्येक घावाआधी दगडाची जात, त्याची शीर, त्याचा कच्चेपणा ओळखावा लागतो. इथे दगड मुकाट्याने आज्ञा पाळत नाही. तोही आपले म्हणणे मांडतो.

९) मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात असेच डोंगरातून वजा करत वरून खाली कोरले गेले. तिथे जोडणे नव्हते, केवळ काढणे होते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण त्याच अनुभवातून आलेली. मात्र विसाव्या शतकारंभीच्या पॅरिसमध्ये कलाशाळेत शिकलेल्या शिल्पकाराने स्वतः पाथरवटासारखे दगडाशी भिडणे, ही परंपरेला दिलेली बगल होती.

१०) फरक डोळ्यांनी पाहायचा तर ‘चुंबन’ या एकाच नावाची दोन शिल्पे शेजारी ठेवावीत. रोदँ यांच्या संगमरवरात दोन देह इतके मऊ भासतात की दगडाचा विसर पडतो. ब्रांकुश यांच्या १९०७-०८ च्या ‘चुंबना’त दगड दगडच राहतो. एकच ठोकळा, त्यात समोरासमोर बिलगलेली दोन माणसे. हात सपाट पट्ट्यांसारखे, डोळे एकमेकांना इतके भिडलेले की दोन मिळून एकच वाटावा. दोघांना वेगळे होता येत नाही, कारण ठोकळा एक आहे. इथे प्रेमाचा आशय दगडाच्या अखंडपणातूनच निघतो.

११) यातून त्यांच्या कामाचे सूत्र तयार झाले : आकार आधी ठरवून तो कोणत्याही पदार्थावर लादायचा नाही. संगमरवर प्रकाश आत थोडा मुरवतो, म्हणून त्यातले आकार शांत आणि बंदिस्त. ब्राँझला आरशासारखी झिलई चढते, म्हणून त्यातले आकार भोवतालची खोली, खिडकी आणि पाहणारा माणूस यांना स्वतःवर घेऊन सतत बदलत राहणारे. लाकडाला रेषा असतात, गाठी असतात. म्हणून लाकडातली कामे खडबडीत, खाचांची, कुऱ्हाडीच्या आणि करवतीच्या खुणा न लपवणारी.

१२) लाकूड ते जुने वापरत. पाडलेल्या घरांच्या ओकच्या तुळया कार्यशाळेत येत आणि त्यांतून शिल्पेही होत आणि शिल्पांच्या बैठकाही. बैठक हा त्यांच्या लेखी वस्तू ठेवण्याचा चौथरा नव्हता. खाली खरखरीत ओक, त्यावर चुनखडीचा दगड, त्यावर गुळगुळीत संगमरवर किंवा ब्राँझ, अशी चढण ते रचत. जड, ओबड पदार्थापासून हलक्या, तेजस्वी पदार्थाकडे नजर आपोआप वर जाई.

१३) पक्ष्याची कल्पना याच प्रवासातली. १९१० च्या सुमारास त्यांनी रुमानियाच्या लोककथांतील ‘मायास्त्रा’ ही अद्‌भुत पक्षीण संगमरवरात कोरली. तिला मान होती, उघडी चोच होती, फुगलेली छाती होती. पुढच्या वर्षांत एकेक तपशील गळत गेला. चोच तिरप्या छेदापुरती उरली, पाय निमुळत्या बुंध्यात मिसळले, पंख देहातच विरले. १९२३ पासून ‘अवकाशातील पक्षी’ ही मालिका सुरू झाली आणि दोन दशकांच्या आसपास चालली. संगमरवरात आणि ब्राँझमध्ये मिळून तिच्या डझनाहून अधिक आवृत्त्या झाल्या.

१४) या आवृत्त्या एकमेकींच्या नकला नाहीत. संगमरवर दाब सहन करतो, पण वाकवणारा ताण त्याला सोसत नाही. बुंध्याजवळची कंबर जरा अधिक बारीक झाली की वरच्या भाराने ती तुटण्याचा धोका. ब्राँझमध्ये हीच कंबर अधिक बारीक करता येते आणि पक्षी जमिनीवरून सुटल्यासारखा दिसतो. पदार्थ बदलला की प्रमाणे नव्याने शोधावी लागत. पक्षी तोच, मात्र किती उडायचे, हे दगड आणि धातू यांना विचारूनच ठरे.

१५) आता पुन्हा न्यूयॉर्क. जकातीत अडकलेला ब्राँझ पक्षी प्रसिद्ध छायाचित्रकार एडवर्ड स्टाइकेन यांनी विकत घेतलेला होता. जकात भरून प्रकरण मिटवता आले असते. तसे न करता ‘ब्रांकुश विरुद्ध अमेरिका’ असा दावा दाखल झाला आणि त्याच्या खर्चाचा भार शिल्पकार व कलेच्या आश्रयदात्या गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी यांनी उचलला. पैशांपेक्षा मोठे काही पणाला लागले होते. हरले असते तर पुढे येणारे प्रत्येक अमूर्त शिल्प अमेरिकेच्या कायद्यात केवळ धातू, लाकूड वा दगड ठरले असते.

१६) ऑक्टोबर १९२७ मध्ये जकात न्यायालयात साक्षी सुरू झाल्या. स्टाइकेन यांना विचारण्यात आले, रानात ही वस्तू दिसली तर पक्षी समजून तुम्ही तिच्यावर गोळी झाडाल का? उत्तर होते, नाही. शिल्पकार जेकब एप्स्टाइन यांनी प्राचीन इजिप्तमधील ससाणा न्यायालयासमोर ठेवला. त्यातही पिसे आणि पाय यांचा तपशील नव्हता, तरी तो शिल्प असल्याबद्दल कुणाला शंका नव्हती. सरकारतर्फे रॉबर्ट एटकिन आणि थॉमस जोन्स हे शिल्पकार उभे राहिले. एटकिन यांच्या मते हे शिल्पच नव्हते. जोन्स यांना ते फार अमूर्त वाटले.

१७) मग सरकारी बाजूने नेमक्या जागी बोट ठेवले. एखाद्या कुशल यंत्रकामगाराने पितळेची वा ब्राँझची दांडी घेतली, तिला वळण दिले आणि घासून चकचकीत केली, तर तीही अशीच दिसणार नाही का? मग तिच्यात आणि यात फरक कोणता? प्रश्न वरवर भाबडा वाटला तरी नेमका होता. वस्तू धातूची आहे, हे दोन्ही पक्षांना मान्यच होते. वाद होता तो ‘फक्त धातू’ यातल्या ‘फक्त’ या शब्दाचा. एप्स्टाइन यांनी उत्तर दिले : कामगार झिलई देऊ शकेल, पण या वस्तूची कल्पना त्याला करता येणार नाही.

१८) ब्रांकुश यांचा जबाब पॅरिसमध्ये नोंदवला गेला. त्यांनी सौंदर्याची तत्त्वे मांडण्याऐवजी काम कसे केले ते सांगितले. आधी प्लास्टरचा नमुना स्वतः केला. मिश्रधातूचे प्रमाण ठरवून तो ओतारीकडे दिला. ओतून आलेला तुकडा ओबडधोबड होता. त्यातली हवेची छिद्रे आणि गाभ्याचे भोक बुजवले, दोष दुरुस्त केले आणि मग कानशीने व अत्यंत बारीक कुरुंदाने तो घासत नेला. हे सगळे आपल्या हातांनी केले, त्याला फार वेळ लागला आणि ते जणू काम पुन्हा पहिल्यापासून करण्यासारखे होते, असे त्यांनी सांगितले.

१९) या जबाबात त्यांच्या आयुष्याचे सार आहे. ओतारीकडून आलेला तुकडा इतर शिल्पकारांसाठी जवळजवळ पूर्ण झालेले काम असे. त्यांच्यासाठी तो पुन्हा कच्चा माल होता. दगडात कोरताना त्यांनी जे शिकले, तेच ते आता धातूला लावत होते : साच्यातून निघालेला आकार अंतिम नाही; हात फिरत जातो तसतसा पदार्थ आपला खरा आकार उघड करतो. कागदोपत्री ‘ओतीव’ असलेली वस्तू त्यांनी एका अर्थाने ‘कोरली’ होती.

२०) २६ नोव्हेंबर १९२८ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती वेट यांनी मान्य केले की जुन्या निकालांच्या मापाने ही वस्तू शिल्प ठरली नसती. परंतु दरम्यान कलेत एक नवा पंथ उदयाला आला आहे. तो निसर्गातल्या वस्तूंची नक्कल न करता अमूर्त कल्पना साकार करू पाहतो. तो आवडो वा न आवडो, त्याचे अस्तित्व न्यायालयाने ध्यानात घेतले पाहिजे. वस्तू सुंदर आहे, तिला उपयोगाचे प्रयोजन नाही आणि ती व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे. म्हणून जकात माफ.

२१) या निकालाने अमूर्ततेला कायद्याचे दार उघडले, पण दाराची चौकट जुनीच राहिली. शिल्प व्यावसायिक शिल्पकाराने घडवलेले हवे आणि ती उपयोगाची वस्तू नसावी, या अटी तशाच होत्या. पक्ष्याची राखण करत आलेल्या द्यूशां यांनी १९१७ मध्ये बाजारातून घेतलेले मुतारीचे भांडे प्रदर्शनाला ‘कारंजे’ म्हणून पाठवले होते. त्या वस्तूवर कानस फिरली नव्हती, टाकी चालली नव्हती. या निकालाच्या आधाराने ती जकातीतून सुटली असती, असे म्हणता येत नाही. ब्रांकुश यांचा पक्षी सुटला तो कल्पनेच्या बळावर आणि तिच्याइतकाच हातांच्या बळावर.

२२) या पक्ष्याची एक वाट मराठी इतिहासालाही छेदते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात फ्रेंच लेखक आंरी-पिएर रोशे यांच्या मध्यस्थीने ब्रांकुश यांचे तीन पक्षी घेतले : एक ब्राँझचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर उभारायचे ठरले. आत पाण्याचे कुंड, भोवती तीन पक्षी. तीन पदार्थ, तीन प्रकारचा प्रकाश. सुमारे तीन मीटर उंचीचे ओकचे एक शिल्पही या मंदिरासाठी योजले होते, असे मानले जाते.

२३) १९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे, माहेरच्या कागलच्या घाटगे, यांचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. त्या हिवाळ्यात ब्रांकुश मंदिराच्या कामासाठी इंदूरला आले, पण महाराजांची भेट झाली नाही आणि मंदिर उभे राहिले नाही. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये रुमानियातील तर्गू-जिऊ येथे पहिल्या महायुद्धातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ त्यांचा सुमारे २९ मीटर उंच, ओतीव लोखंडाचा ‘अनंत स्तंभ’ लोकार्पण झाला. होबित्साच्या कोरीव खांबांचे ते रूप. इंदूरचे स्वप्न मात्र कागदावरच राहिले.

२४) ब्रांकुश १६ मार्च १९५७ रोजी पॅरिसमध्ये वारले. कार्यशाळा, तिच्यातल्या शिल्पांसह आणि अवजारांसह, त्यांनी फ्रान्सला दिली होती. काळा आणि पांढरा पक्षी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत, ब्राँझचा अमेरिकेत. आणि होळकरांचा इंदुरातला माणिकबाग राजवाडा? तिथे पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय आले. ज्या पक्ष्याला एका जकात खात्याने भांड्यांत मोजले, त्याच्या भावंडांसाठी देवालय बांधू पाहणाऱ्या राजाच्या घरात आता करांच्या फायली आहेत.